गुरुवारचं पाणी

खोली बघायला गेलो तेव्हा या माणसाने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मटण-मच्छी खातोस का तेही विचारलं नाही. दार अर्धंच उघडलं आणि पहिला प्रश्न टाकला, "शिफ्ट कुठली?"

"या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड."

"सुट्टी?"

"गुरुवार."

त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "जमेल," म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघितलं. "अंगठी तांब्याची आहे ना? काढ आणि त्या खिळ्याला अडकव. आत तांबं चालत नाही."

अंगठी आईने घातली होती, परभणीहून निघताना, अंगातली उष्णता कमी होते म्हणून. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला, आणि आकुर्डीत खोली शोधून शोधून पायाचे तुकडे पडलेले. मनात म्हटलं, हा माणूस करणी-बिरणीतला दिसतोय, इथून सटकावं. पण खोलीला खिडकी होती आणि कंपनीची बस कोपऱ्यावर थांबत होती. अंगठी काढली.

हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीला लागून लोखंडी स्टँडवर चार फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्र होता. म्हणजे पाण्यात मीठ मिसळून घरी केलेला समुद्र. आत दगड होते आणि दगडांवर मऊ कोरल. कोरल म्हणजे अंगठीत घालतात ते पोवळं एवढीच माझी अक्कल. ही जिवंत होती. काही बटणांसारखी, काही कुत्र्याच्या छत्रीसारखी, एक तर नुसते हात, सारखी मूठ उघडतंय आणि मिटतंय. तांब्याचा कण जरी पाण्यात गेला तरी सगळे मरतात, म्हणून दाराबाहेर तो खिळा. नंतर कळलं की मच्छर अगरबत्तीही चालत नाही, झुरळाचा फवाराही चालत नाही. तीन वर्षं आकुर्डीच्या डासांनी मला फुकट खाल्लं.

"शिफ्ट कशाला विचारली?" मी म्हणालो.

"मी फर्स्टला असेन तेव्हा तू सेकंडला पाहिजेस. मी सेकंडला, तेव्हा तू फर्स्टला. घरात कायम एक माणूस पाहिजे. लाइट गेली की पंप बंद पडतात, पाणी थांबतं. थांबलेल्या पाण्यात यांचा श्वास कोंडतो."

"इन्व्हर्टर बसवा की काका."

"बॅटरी न सांगता दगा देते," ते म्हणाले. "माणूस निदान कारण तरी सांगतो."

तर असा मी त्यांचा भाडेकरू झालो. खरं म्हणजे पंपाला पर्याय म्हणून लागलो, पण भाडं रास्त होतं.

ते आकुर्डीतच एका कंपनीत टूलरूमला, साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात होते, पन्नाशी उलटलेले, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम स्टीलची पट्टी. टूलरूमचा माणूस, सगळं मिलिमीटरमध्ये. "भात दोन मिलिमीटर जास्त शिजलाय" असं म्हणायचे आणि हसायचे नाहीत. मला अजूनही कळलेलं नाही की ती गंमत होती का.

एकाच घरात राहून आमची गाठ पडायची नाही. ते पहाटे निघून जायचे तेव्हा मी झोपलेला, मी दोनला निघायचो तेव्हा ते कंपनीत. ते सव्वातीनला घरी येणार. मधला तास-सव्वा तास टाकी एकटी असते याचाही त्यांना घोर. त्यावर इलाज म्हणून त्यांनी कंपनीसारखं हँडओव्हर रजिस्टर ठेवलं होतं. दोनशे पानी वही, मिठाच्या ड्रमवर, दोरीला बांधलेलं पेन. रकाने आखलेले: वेळ, तापमान, खारटपणा, शेरा, सही. शिफ्ट सोडताना मी लिहायचं, शिफ्ट घेताना त्यांनी वाचून खाली सही करायची. घरात, राव. बनियनवर उभं राहून सही करायची.

शेऱ्याच्या रकान्यात हळूहळू सगळा संसार आला. "दूध तापवून ठेवले आहे." "भाडेकरूचा टॉवेल दोन दिवस दोरीवर आहे." "आमटीत मीठ कमी आहे, टाकीतले घेऊ नये." मी ताप येऊन पडलो होतो तेव्हा शेरा होता, "भाडेकरू १०१. उशाशी गोळी ठेवली आहे. बाई व्यवस्थित." माझ्या आईनंतर माझा ताप कोणी लिहून ठेवला असेल तर या माणसाने.

बाई म्हणजे टाकीतलं सर्वांत मोठं कोरल. मऊ चामड्यासारखं, जाड देठाचं, वर थाळीएवढी टोपी, आणि टोपीवर हजारभर बारीक कुरळे तंतू पाण्याबरोबर हलणारे. टाकीच्या मधोमध बाईंचा दगड. बाकीच्यांना ते नावाने हाकही मारत नसत. बाईंना अहो-जाहो. "बाई आज उघडल्या." "बाईंना उजेड जास्त होतोय."

गुरुवारी मात्र आम्ही दोघंही घरी. गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी आणि वीजवाल्यांना दुरुस्तीचा मुहूर्त. सकाळी दहाच्या सुमारास लाइट जाणार, ती दुपारी चारला आली तर नशीब. लाइट गेली की ते टाकीच्या दोन बाजूंना दोन प्लास्टिकची स्टुलं मांडायचे. एकेक प्लास्टिकचा मग. मग बुडवायचा, वीतभर वर उचलायचा, पाणी सोडायचं. दहा वेळा त्यांनी, दहा वेळा मी. पाच मिनिटं विश्रांती. पुन्हा दहा. पहिल्या महिन्यात माझा खांदा भरून आला. लोक गुरुवारी दत्ताला जातात, पिक्चरला जातात, आणि मी आंघोळीच्या मगाने समुद्र हलवत बसलोय.

पण खरं सांगतो, आठवडाभरात माणसाशी माणसासारखं बोलणं व्हायचं ते त्याच वेळी. कंपनीत मशीनच्या आवाजात खुणा करायच्या, बसमध्ये झोपायचं. गुरुवारी पंखा बंद, फ्रीज बंद, नुसता पाणी पडल्याचा आवाज, आणि ते बोलायचे. मलाही पुढे पुढे गुरुवारी लाइट गेली नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

लोक येणार तेही गुरुवारीच. कोरल पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांना 'गुरुवारवाले काका' म्हणायचे. पुनावळे, वाकडकडची आयटीतली पोरं सिक लीव्ह टाकून, थर्माकोलचे डबे घेऊन यायची. दारात सगळ्यांच्या हातांची तपासणी, खिळ्यावर अंगठ्या, कडी. मग मुलाखत. "टाकी किती जुनी? नोकरी बदलणार आहेस? बाहेरदेशी जाणार?" जाणार म्हणाला की संपलं, चहा पिऊन घरी जा.

विकायचे नाहीत ते. तुकड्याला तुकडा, अदलाबदल. डोळ्यांवर कंपनीचा सेफ्टी गॉगल चढवायचे, कारण काही कोरल कापताना विषारी पाणी उडतं, आणि दाढीच्या पात्याने एवढासा तुकडा काढायचे. नखाएवढा. अगदी पट्टीने मोजून. तो चिकटवायला मच्छरदाणीची चिंधी आणि रबरबँड. समोरचा कितीही मोठं, कितीही महागाचं कोरल घेऊन आलेला असो, मिळणार नखाएवढंच. नाजूक जातींना हात लावायचे नाहीत. "मी चिवटच ठेवतो," म्हणायचे. "नाजूक सांभाळायला घरी माणसं लागतात."

आणि एक अट, वहीच्या शेवटच्या पानावर सही घेऊन. माझं मेलं तर तुझ्यातला तुकडा मला परत द्यायचा, नखाएवढा. पोरं हसत सही करायची.

"एवढी लिखापढी कशाला?" मी एका गुरुवारी विचारलं.

"अरे, तुकडा म्हणजे पिल्लू नव्हे," ते मग बुडवत म्हणाले. "तीच ती. कापली की दोन ठिकाणी राहायला लागते एवढंच. इथली मेली तरी तिथे हीच जगतीये."

आणखी पाच-सहा गुरुवार गेल्यावर बाकीचं कळलं. बाईंना आणायला ते मुलीला घेऊन गेले होते. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ते दुसरंच काहीतरी उचलत होते, ती म्हणाली, हे नको, ते घ्या, ते आमच्या शाळेतल्या बाईंच्या केसांसारखं आहे. म्हणून बाई. त्यानंतर दीडेक महिन्यांनी बायको मुलीला घेऊन माहेरी, बार्शीला गेली.

"का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"शिफ्ट," ते म्हणाले. "ती म्हणायची, तू घरी असतोस तेव्हा झोपलेला असतोस आणि उठतोस तेव्हा पाण्याशी बोलतोस. बरोबर होतं तिचं."

मी दहा मग मारले.

वर्षातून दोन-तीनदा त्यांना काहीतरी व्हायचं. दहा-पंधरा दिवस खोलीचं दार बंद, बोलायला गेलं तर हूं की चूं नाही, गुरुवारी समोर बसून पाणी ढवळणार पण नजर वर नाही. वहीत नुसते आकडे, शेऱ्याचा रकाना कोरा. पहिल्यांदा मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, मी दारावर थापा मारल्या, माफी मागितली, मग चिडलो आणि दुसरी खोली बघायला निघालो. आणि एका गुरुवारी उठून बघतो तर हे गुळगुळीत दाढी करून मटकीची उसळ परततायत. "ऊठ, भाकरी गरम आहे." जणू काही घडलंच नाही.

बाईंचंही तसंच होतं. मधूनमधून मिटायच्या, तंतू आत, टोपी आक्रसलेली, वर मेणचट पापुद्रा. "बाई रुसल्या" असा शेरा यायचा. चार-पाच दिवसांनी पापुद्रा गळून जायचा आणि बाई पुन्हा उघडायच्या.

तिसऱ्या वर्षी बार्शीहून पत्रिका आली. मुलीचं लग्न. बारा वर्षांत त्यांना तिकडून आलेला तो पहिला कागद. त्यांनी तो वहीत ठेवला, दोन दिवसांनी इस्त्रीच्या शर्टावर पट्टी लावून निघाले. फोनमध्ये बाईंचे फोटो, पूर्ण उघडलेल्या. "चार दिवसांत येतो," म्हणाले. माझ्या शिफ्टच्या वेळी घरी बसायला मी कंपनीतल्या एका मित्राला गळ घातली आणि घराची जबाबदारी घेतली.

चार दिवसांचे चौदा झाले. मुलीने ठेवून घेतलं म्हणे. फोनवर आवाज वेगळाच, मागे बायकांचा गलका. "सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"ठीक," मी म्हणालो.

ठीक नव्हतं. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई मिटल्या. पाच दिवस झाले, आठ झाले, अकरा झाले. देठ वाकला, टोपी मुठीएवढी झाली, पापुद्र्यावर तपकिरी शेवाळ धरलं. इतकं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांना सांगायला हवं होतं. पण बारा वर्षांनी माणूस लेकीच्या घरी बसलाय, त्याला कशाला टाकीचं सांगायचं, असा विचार केला मी. मोठा समजूतदार. सांगितलं असतं तर ते दोन शब्दांत म्हणाले असते, हात लावू नकोस. त्याऐवजी मी ग्रुपवर फोटो टाकला. दहा जणांनी लिहिलं, मेलंय, ताबडतोब काढ, सडलं तर अख्खी टाकी जाईल.

तेराव्या दिवशी सकाळी मी बाईंना दगडावरून उपटलं, पिशवीत घातलं आणि घंटागाडीत टाकलं. ओला कचरा. हात साबणाने धुतले आणि वहीत लिहिलं, "बाई गेल्या. काढून टाकल्या."

त्याच संध्याकाळी फोन आला. इतके आनंदात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अरे ऐक. मी उद्या निघतो. आणि पुढच्या गुरुवारी पोरगी आणि जावई येतायत. पुण्यात त्यांचं काम आहे, मुद्दाम वाट वाकडी करून येतायत. म्हणाली, बाबा, मला बाई बघायच्यात."

मी "या," एवढंच म्हणालो. भेकड माणूस मी, दुसरं काय.

ते आले तेव्हा मी सेकंडला होतो. घरी परतलो तर त्यांची खोली बंद. वही उघडी होती. माझ्या शेऱ्याखाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात, "वास होता का?"

मी लिहिलं, "नव्हता."

दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा खाली ओळ होती. "मग हयात होत्या." आणि सही.

शिवी दिली असती, सामान बाहेर फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती एक ओळ आणि सही. मी स्टुलावर बसून रडलो, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा घोडा. मग वहीचं शेवटचं पान काढलं आणि सकाळी फोन लावायला बसलो. बाईंचा तुकडा नेलेले नऊ जण. एकाची टाकी फुटली, दोघं अमेरिकेला, एकाच्या बायकोने टाकीच दान केली, बाकीच्यांकडे केव्हाच मेलेला. नववा राजगुरुनगरचा, पिठाची गिरणी असलेला. त्याला तर काका द्यायलाच तयार नव्हते, पिठाच्या धुरळ्यात कोरल जगतं होय, म्हणाले होते.

गिरणीवाला म्हणाला, "हाय की. या."

मी रजा टाकून गेलो. गिरणीच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या थप्पीला खेटून टाकी, वरून धुतलेल्या साडीचा पडदा. पडदा सारला आणि आत बाई. तेच केस, तोच देठ, चांगली बशीएवढी टोपी. मी बघतच राहिलो.

गिरणीवाल्याला सगळं सांगितलं. पोरगी येणार आहे तेही. त्याने डोक्याचं फडकं सोडून हात पुसले. "मग सगळीच न्या. आमचं काय हाय त्यात? त्यांचंच हाय, आमी सांभाळलं फक्त."

मी तिथूनच काकांना फोन केला. बार्शीहून आल्यापासून ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलणार होते. मी भराभरा सांगितलं, बशीएवढी आहे, देतो म्हणतायत, संध्याकाळपर्यंत आणतो, पोरीला दिसेल.

ते म्हणाले, "किती दिला होता?"

"काय?"

"तुकडा. वहीत बघ. नखाएवढा दिला होता. नखाएवढाच घ्यायचा."

"अहो काका, ते स्वतःहून देतायत. मुलगी बारा वर्षांनी..."

"त्याने पाच वर्षं वाढवलीये ती. उपटून आणशील, वाटेत दगावली तर त्याच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. नखाएवढा." फोन ठेवला.

डोकं फिरलं माझं. हा माणूस आहे का पट्टी? पण एका बाईंना मी घंटागाडी दाखवली होती, दुसऱ्यांना हात लावायची हिंमत नव्हती. गिरणीवाल्याने पातं चालवलं, मी मोजलं. तुकडा पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या डब्यात, डबा मांडीवर, आणि चाकण, भोसरी करत घरी. काकांनी तो मच्छरदाणीच्या चिंधीखाली दगडावर बांधला. माझ्याकडे बघितलं नाही. वहीत लिहिलं, "बाई आल्या."

गुरुवार आला. लाइट दहालाच गेली. आम्ही दोघं स्टुलांवर. मी दाढी केलेली, त्यांनी इस्त्रीचा शर्ट. बाईंचा दगड मोकळा ओसाड आणि त्यावर एक मिटलेलं बटण. उघडायला अजून आठवडा तरी लागणार होता.

साडेबाराला बेल वाजली नाही, लाइट नव्हती ना. दारावर टकटक झाली. मी उठलो, पण दार ढकललेलंच होतं. बाहेरून मुलीचा आवाज आला, "थांबा. कडं काढा हातातलं. तांब्याचं आहे. त्या खिळ्याला अडकवा."

"का गं?" नवऱ्याचा आवाज.

"आत तांबं चालत नाही."

काकांच्या हातातला मग तसाच वर राहिला. पाणी मनगटावरून बाहीत जात होतं. दहा वर्षांची असताना सोडलेलं घर, बारा वर्षं झाली, आणि तिला खिळा कुठल्या बाजूला आहे तेही आठवत होतं.

ती आत आली, वाकून नमस्कार केला आणि सरळ टाकीशी. काचेला नाक लावलं. "बाई कुठायत?"

"ही," काकांनी पट्टीने दाखवलं.

"ही? बाबा, तुम्ही थाळीएवढी म्हणाला होता. फोटोत..."

"फार मोठ्या झाल्या होत्या," काका म्हणाले. "जागा पुरेना. कापून लोकांना वाटल्या. ही त्यांच्यातलीच आहे. तीच."

एका मिलिमीटरचं खोटं न बोलणारा माणूस. माझ्यासाठी बोलला. आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. ताई, मीच टाकली तुमची बाई, एवढं एक वाक्य मला काढता आलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

ती माझ्या स्टुलावर बसली, माझ्या हातातला मग घेतला आणि पाणी ढवळायला लागली. वीतभर उचलून, हळूच सोडून, दहा वेळा. मग थांबून बापाकडे बघितलं. मग त्यांनी दहा. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. जावई दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. मी चहा केला, कोरा, कारण दूध नासलं होतं. दोघं अर्धा-पाऊण तास पाणी ढवळत होती आणि बोलणं म्हणाल तर "परीक्षा झाल्या?" "कधीच्याच," "आई?" "बरी आहे," एवढंच. मग जावई म्हणाला, निघायला हवं. तिने मग माझ्या हातात परत दिला.

ती दोघं गेल्यावर चार वाजता लाइट आली, पंप सुरू झाले. काकांनी बाहेरच्या नळावर हात धुतले आणि आत येऊन म्हणाले, "कडं राहिलं."

खिळ्यावर जावयाचं कडं होतं.

"फोन करा लगेच," मी म्हणालो. "पुण्यातच असतील अजून. मी जाऊन देऊन येतो."

"राहू दे," ते म्हणाले.

वहीत त्यांनी लिहिलं, "शेरा: पाहुण्यांचे कडे राहिले आहे. परत द्यायचे आहे."

त्यानंतर ते मिटले. वीस दिवस. दार बंद, आकडे फक्त. या वेळी मी थापा मारल्या नाहीत, खोल्या बघितल्या नाहीत. रोज शेऱ्याच्या रकान्यात लिहीत गेलो, मोठमोठं, रेघा सोडून. चाकणला ट्रॅफिकमध्ये किती वेळ अडकलो, कँटीनमध्ये काय होतं, कोणाचं प्रमोशन झालं, बाई किती उघडल्या. आणि एकदा लिहिलं, "तेव्हा मी घाई केली. चुकलो." त्याखाली नुसती सही आली. एकविसाव्या दिवशी गुरुवार होता आणि सकाळी उसळीचा वास आला.

पुढे माझं लग्न ठरलं, पुनावळ्यात फ्लॅट घेतला, खोली सोडली. निघताना मी तुकडा मागितला. नखाएवढा मिळाला, वहीत सही करून. त्यांना दुसरा भाडेकरू मिळेना. शिफ्ट जुळली तर लोकांना तांबं काढणं जमेना. रिटायर झाल्यावर तशी गरजही राहिली नाही, ते घरीच असतात.

मी महिन्यातून एखाद्या गुरुवारी जातो. जमतं तेव्हा. बायको म्हणते, दर गुरुवारी जा की, आणि मी जात नाही. कामं निघतात. परवा बऱ्याच दिवसांनी गेलो तर दार उघडंच, आणि हे पॅसेजमध्ये उकिडवे बसलेले. शेजारी वाटीत चिंच भिजवलेली, हातात जावयाचं कडं. चिंचेने घासत होते, अगदी कडेकडेने. मग बाहेरच्या नळावर कडं धुतलं, फडक्याने पुसलं आणि खिळ्याला अडकवलं. हात तीनदा साबणाने धुतले, नखांतून.

दोन वर्षं होत आली या गोष्टीला. मुलीचा दिवाळीला फोन येतो.

"ते कडं पोस्टाने पाठवा ना काका," मी म्हणालो. "नाहीतर मी देतो पाठवून."

"नको," ते म्हणाले, आणि माझ्या हातात मग दिला, कारण लाइट गेलेली होती. "न्यायला येतील तेव्हा काळं पडलेलं कसं द्यायचं?"